वामकुक्षीची खोली

वैशाखाची दुपार. वाईच्या घाटावर कृष्णेचे पाणी आटून पायऱ्यांखाली गेलेले, आणि पांढरे, निर्दय, निर्मेघ ऊन खिडकीच्या गजांतून आत सांडलेले. त्या ऊनधवल खोलीत कुमुदिनी पडदे शिवत बसली होती. निळे पडदे, मेघनिळे पडदे, नेत्रांना निववणारे पडदे.

मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यापासून तिच्या यजमानांची, दिगंबररावांची, झोप उडाली होती. दुपारची वामकुक्षी तर नुसती चिडचिडीत जाई. भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात; पण जन्मभर टेबलावर छडी आपटून शांतता मागणाऱ्या माणसाला धोंड्यातही खोट दिसायची. खोट त्यांच्यात नव्हतीच मुळी. खोलीने सुधारावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

कुमुदिनीची आशा इवलीशी होती. हे निवांत झोपतील, मग निवांत बोलतील. चौतीस वर्षे बोलायचे राहून गेले, ते बोलतील.

म्हणून तिने भिंतींचा भडक पिवळा घालवून चंदनफिका रंग दिला. लंबकाचे घड्याळ स्वयंपाकघरात हलवले. कुरकुरत्या पंख्याला तेल दिले, उशांत नवी सावरी भरली, मोगऱ्याची ओंजळ उशाशी ठेवली. शीतल झाली खोली, सुगंधी झाली, सावळी झाली. आणि त्या सावळ्या शीतलतेत ती त्यांच्या शेजारी हळूच आडवी झाली.

"अगं, त्या बांगड्या किती वाजतात!"

सवाष्णीने हात रिकामे ठेवू नयेत. तरी तिने साबण लावून हिरवा चुडा उतरवला, एकही बांगडी वाढू न देता. मनगटावर फिकट वळ तेवढे उरले.

दुसऱ्या दुपारी तिची कूस वाजली. तिसऱ्या दुपारी तिचा श्वास वाजला.

"तू जरा बाहेर पडतेस का? तेवढंच राहिलंय बघ."

तेवढेच राहिले होते. ती उठली, आणि स्वयंपाकघरात, लंबकाखाली, उघड्या फरशीवर पडून राहिली.

चार वाजता दिगंबरराव बाहेर आले. मुद्रा प्रसन्न, डोळे टवटवीत.

"काय झोप लागली म्हणून सांगू! खोली आता कशी शांत झाली. रोज अशीच ठेव."

"ठेवीन हं. बसता का जरा? चहा टाकते."

"नको. घाटावर मंडळी जमली असतील. आज गप्पा मारायचा मूड आहे."

चपला घालून ते गेलेसुद्धा.

ती खोलीत आली. चौतीस वर्षे भिंतीच्या कडेला निजणारा त्यांचा देह आज पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून निजला होता. दोघांच्या चादरीवर एकट्याच्या सुरकुत्या पडल्या होत्या.

वाकून तिने चादर ओढली, झटकली, सारखी केली. आपली उशी उचलून काखेत घेतली. मग दार लोटले, अलगद लोटले, आणि कडीसुद्धा वाजू दिली नाही.