तुरीच्या पानातली खोली

तृप्ती जालन्याच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. तुरीचं एक जनुक तिनं जिवाणूत घातलं होतं. जिवाणूनं त्यावरून तुरीचं प्रथिन बनवावं, एवढंच तिला हवं होतं. तीन महिने जिवाणू भराभर वाढत होते, पण प्रथिन दर वेळी अर्धवट निघत होतं.

रविवारी ती राजूरला चांगुणामावशीकडे आली. दुपारी दोघी शेतात गेल्या. तुरीला पिवळा फुलोरा आला होता, त्यात माश्या गुणगुणत होत्या. मावशी बांधावरचं गवत काढू लागली आणि तृप्ती सावलीत आडवी झाली.

डोळा कधी लागला, तिला कळलं नाही. एक पान जवळ आलं, आणखी जवळ, आणि ती आत होती. हिरव्या उजेडात, पेशीच्या मधोमध, एक खोली. आत कुणीतरी जुन्या पोथीवरून नक्कल उतरवत होतं. मधल्या बिनकामाच्या ओळी कातरल्या जात, उरलेले तुकडे जोडले जात, मगच ती नक्कल चिठ्ठी होऊन दारातून बाहेर जाई. बाहेर तिच्याबरहुकूम प्रथिन विणलं जाई. घाई कुणालाच नव्हती.

मग ती जिवाणूत शिरली. तिथं खोलीच नव्हती, सगळा कारभार अंगणात. नक्कल अजून उतरतच होती आणि तिच्या मोकळ्या टोकावर विणकाम सुरूही झालं होतं. तृप्तीनं तुरीची पोथी पुढे केली. तिथल्या विणकऱ्यांनी ती बिनकामाच्या ओळींसकट वाचायला घेतली आणि मधेच थांबले. कात्री कुणाकडेच नव्हती.

"झोपेत कातरी-कातरी काय करून राह्यली गं?" मावशीनं हलवून विचारलं.

तृप्ती उठून बसली. "मावशी, मी जिवाणूला अख्खी पोथीच देऊन बसले. निवडलेली चिठ्ठी द्यायची होती."

"मंग दे की आता," मावशी म्हणाली आणि पुन्हा गवताकडे वळली.

ही तर कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकलेली गोष्ट. सोमवारी तिनं फ्रीज उघडला. तीन महिने वापरलेली नळी मूळ डीएनएचीच होती, बिनकामाच्या ओळींसकट. ती स्वतःशीच ओशाळून हसली. मग कुंडीतल्या तुरीचं कोवळं पान घेतलं, त्यातला कातरून जोडलेला आरएनए, म्हणजे ती चिठ्ठी, वेगळा केला, त्यावरून नवा डीएनए बनवला आणि जिवाणूला दिला.

पंधरा दिवसांनी, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, पूर्ण प्रथिनाच्या जागी निळी रेघ उमटली. तिनं राजूरला फोन लावला.

"मावशी, पूर्ण आलं."

"केवढं हाय?"

"डोळ्याला दिसत नाही एवढं."

"पण बराबर आलं ना?"

"बराबर आलं."