पान तेवीस

“पान तेवीस तेवढं काढून टाक, पोरी. बाकी प्रबंध झकास झालाय,” विभागप्रमुख कुबात ओस्मोनोविच म्हणाले आणि त्यांनी बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या वड्यांची, थाळी बेगिमायकडे सरकवली.

बेगिमाय माझी विद्यार्थिनी. तिनं थाळीला हात लावला नाही.

“अगाय, ते पान काढलं तर पुढची सत्तर पानं कशावर उभी राहतील?” सरांना म्हणायचं ते ‘अगाय’ तिनं आदरानंच म्हटलं.

“मोठ्यांना चूक ठरवून उभी राहायची असतील तर पडू देत!” विभागाच्या बैठकीला टेबलाभोवती बसलेले पाचही प्राध्यापक हसले. मीसुद्धा हसलो. सवयच ती.

पुंजयामिकीतली प्रत्येक अवस्था हा एक बिंदू मानायचा आणि दोन बिंदूंमधलं अंतर मोजायचं, हे आमचं काम. एखादी राशी अक्षय राहत असेल तर बिंदू आपला गोल सोडत नाही. असे गोल कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसलेले असतात. १९८७ साली कुबातनी आणि मी लिहिलं होतं, की ऊर्जा कायम राहूनही एखादी अवस्था त्या गोलावर दूर निघून जाते. त्या निबंधावर कुबातना पदक मिळालं, पुढे ही खुर्चीही मिळाली. बेगिमायनं पान तेवीसवर दाखवलं होतं, की अवस्था जागची हलतच नाही. नुसता फेज, म्हणजे तिचा कोन, फिरतो, आणि आम्ही त्या फिरण्यालाच अंतर समजलो.

“माणसानं डोक्यावरची कलपाक टोपी वाकडी केली,” ती म्हणाली, “म्हणून तो दुसऱ्या गावाला गेला असं होत नाही ना, अगाय?”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

“एशिम,” कुबात माझ्याकडे वळले, “मार्गदर्शक तुम्ही. शिकवा हिला जरा. आणि शरदात तुमचा करार नूतनीकरणासाठी माझ्या टेबलावर येतो, हे काही मी सांगायला नको.”

गणित मी तीनदा तपासलं होतं. तरी वाटलं, माझंच काही चुकत असेल. मला नेहमीच तसं वाटतं. मी चहाच्या प्याल्यात बघत राहिलो.

“ठरलं तर,” म्हणत कुबातनी दोन्ही तळवे वर उचलले. सगळ्यांनी उचलले. आमच्याकडे वडीलधाऱ्यानं शेवटी बाता, म्हणजे आशीर्वाद द्यायचा. बाकीच्यांनी चेहऱ्यावरून तळवे फिरवून ‘ओमीन’ म्हणायचं. त्यानंतर कुणी तोंड उघडत नाही, विषय संपतो. बेगिमायचेही तळवे वर होते.

“थांब,” मी म्हणालो.

कुबातना मी तीस वर्षांत ‘तू’ म्हटलं नव्हतं.

“बाता मी देणार. मी तुझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा आहे.”

“एशिम, गंमत पुरे.”

“आजवर संकोचानं तुला देऊ दिली. पण मान माझा आहे.”

कुणीच तळवे खाली घेतले नाहीत. बाता होईपर्यंत घेता येत नाहीत. मी माझे आणखी वर उचलले. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

“या पोरीचा प्रबंध एकही पान न गाळता परीक्षकांपुढे जावो. जुनी चूक करणाऱ्यांना ती वाचायचं बळ मिळो. ओमीन.”

“ओमीन,” सगळे म्हणाले. कुबातचे तळवे सर्वांत शेवटी चेहऱ्यावरून फिरले, पण फिरले. कोपऱ्यातल्या सचिवबाईंनी प्रबंधावर मंजुरीचा शिक्का मारला.

शरदात माझा करार झाला नाही. मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याचं नाव लागलं. बेगिमायच्या जाहीर परीक्षेला मी पाहुण्यांच्या शेवटच्या रांगेत बसलो होतो. पुढे कुबात मान ताठ ठेवून बसले होते. अल्माटीहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा सारखा करत विचारलं, “पान तेवीसवर दाखवलेली ही जुनी चूक नक्की कुणाची? लेखक हयात आहेत का?”

बेगिमाय घुटमळली. कुबातनी खिडकीबाहेर पाहिलं.

मी उभा राहिलो.