शिवलेले खिसे

सुताराने नवी पँट शिलाईच्या दुकानाच्या काउंटरवर आपटली. "अगं, खिशात हातच जाईना! खिळे काय तोंडात धरू?"

खिळे तो नाहीतरी तोंडातच धरायचा, पण धाकटीला हसू फुटलं नाही. गेल्या काही दिवसांत अशा कितीतरी पँटी परत आल्या होत्या. दादाने प्रत्येकीचा खिसा टाके घालून बंद केला होता. तोही इतका सुबक, की तक्रार करायला मन होईना.

मागच्या खोलीत शिलाई मशीन गप्प होतं. दादा अंधारात बसला होता. अंघोळीशी त्याने कधीच काडीमोड घेतला होता. ताटात विष असेल म्हणून अर्धं जेवण आधी मांजराला; मांजर लठ्ठ, दादा काडी. मधेच तो भिंतीला म्हणायचा, "हळू बोला."

"लग्न लावून देऊ," आई म्हणाली. "येईल ताळ्यावर."

"आई, नवरीचेही खिसे शिवेल तो."

"कोणी नाहीये रे!" असं दादाला सांगून सांगून धाकटी थकली होती, आणि आता तो तिच्याकडेही संशयाने बघायचा. सुईत दोरा ओवायला तिला ज्याने शिकवलं, तोच हा. आज ती वाद न घालता शेजारी बसली.

"दादा, मला ते आवाज ऐकू येत नाहीत. पण तू घाबरलायस, ते दिसतंय. मीही घाबरलेय. डॉक्टरकडे जायचं?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीने बहुधा हरकत घेतली नाही. "तू आत येशील?"

"तुला चिकटूनच बसेन."

मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात तो थबकला. त्यांच्या पांढऱ्या कोटाचे खिसे सताड उघडे. दादा मागे वळला.

"बाई, कोट काढता का? त्याला खिसे आहेत," धाकटी म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून हबकली.

बाईंनी कोट काढला, बाहेर खुंटीला टांगला, दार लावलं, जणू रोजचंच. धाकटीचं सगळं ऐकून म्हणाल्या, "या आजारात आवाज खरंच ऐकू येतात. त्यावर औषधं आहेत. काय म्हणतात ते?"

दादाने धाकटीकडे बोट केलं. "हिला न्यायचंय म्हणतात. खिशातून शिरतात. म्हणून सगळ्यात आधी हिचा शिवला."

धाकटीचा हात जाकिटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तो ती कधी वापरायचीच नाही. बोटांना टाके लागले. गिऱ्हाइकांचे एकेरी होते. हे दुहेरी.