खिडकीवरचा शब्द

चिठ्ठीचा एक कोपरा वाफेने सुटला होता. काचेवर पिठाच्या खळीने चिकटवलेला तो चौकोनी कागद आता पापणीसारखा अर्धवट उघडमीट करत होता, आणि बुरुल कढईतले बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, झाऱ्याने उलटतापालटता त्याच्याकडे बघत होती. चमच्याची चिठ्ठी चमच्यावर होती, किटलीची किटलीवर, मिठाची मिठाच्या डब्यावर. ही एकच काचेवर, कारण जिची ती होती ती वस्तू घरात मावणारी नव्हती... ती बाहेर, कुंपणापलीकडे, बर्फाखालून खिंडीकडे चढत गेली होती.

रोड.

जिभेवर किती हलका! आठ वर्षं या घरात सून म्हणून वावरताना जे तोंडातून काढायची सोय नव्हती, ते या परक्या शब्दात विनासायास बसत होतं. सासऱ्यांचं नाव जोलचू. जोल म्हणजे वाट. डोंगरावर गुरं हलवताना वाटेवरच जन्मले म्हणून ते नाव, आणि सुनेने थोरांचं नाव घ्यायचं नाही, नावातला शब्दही घ्यायचा नाही, म्हणून बुरुलच्या जगातून वाटच नाहीशी झालेली. ती 'चालायची जागा' म्हणायची. मेदेर, तिचा नवरा, खो खो हसायचा... "अगं, चालायची जागा आज बर्फाने बंद आहे म्हणे!" हसू दे. पण तो मालट्रक घेऊन निघाला की सगळं घर अंगणात येऊन म्हणायचं, पांढरी वाट लाभो, सुखरूप जा, आणि एकटी तिचीच जीभ टाळूला चिकटायची. जिने म्हणायचं तीच मुकी. तिला त्याचा राग यायचा, खरंच राग यायचा, पण कुणावर काढणार?

सासरे शरद ऋतूत गेले. मेले म्हणून नाव मोकळं होत नाही.

आणि मग या हिवाळ्यात, उन्हाळ्यात परदेशी पाहुणे घरी ठेवणाऱ्या बायकांना शाळेतल्या गुलसारा बाई इंग्रजी शिकवू लागल्या. "अर्थ पाठ करून काय उपयोग, बायांनो? अर्थ म्हणजे फळीवरचं भांडं. रोज वापरा, मग कळेल गळतंय का ते." प्रत्येक शब्द आपल्या दिवसात घालून बोलायचा. बुरुलने दबकत विचारलं होतं, बाई, हा एक शब्द... हा मी घ्यायचा का? बाई म्हणाल्या, "का गं, तुझ्या सासऱ्यांना इंग्रजी कळायचं?" सगळ्या हसल्या. मीही हसलेच की, तिला आठवलं, सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

म्हणून आज सकाळपासून ती वापरत होती. रोड पांढरा आहे. रोड वर जातो. मेदेर रोडवर आहे. आज गुरुवार, तळणीच्या तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचवायचा दिवस. कढई धुरावत होती, आणि शब्दांना शब्द जोडण्याच्या नादात ती म्हणून गेली – रोड, घरी ये. बाईंनी हे वाक्य ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

सुनेने डोकं झाकून घ्यावं म्हणून थोरली माणसं आत येण्याआधी खाकरतात, तसं. तिचा हात आपोआप ओढणीकडे गेला, पदर सारखा झाला, नजर खाली गेली... आणि मग तिच्या लक्षात आलं की घरात खाकरणारं माणूस आता उरलेलं नाही.

"अपा," तिने आतल्या खोलीत लोकर पिंजत बसलेल्या सासूला विचारलं, "तुम्ही खोकलात का?"

"मी? नाही गं बाई."

कुत्रा असेल. कुत्रा कुठे खाकरतो? तिने झाकण ठेवलं. झाकणाच्या आवाजाने जरा बरं वाटलं. आणि फोन वाजला.

मेदेर. खिंडीच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवरून. "ऐक ना, गंमत सांगतो. गाडीत बाबांच्या तंबाखूचा वास येतोय. ती ओठाखालची हिरवी तंबाखू, तीच! सकाळपासून. काच उघडली तरी जात नाही... आणि शेजारची सीट गरम लागतेय."

"इंजिनची ऊब असेल," ती म्हणाली.

"असेल बाई. वर बर्फ सुरू झालंय, पण उजेड आहे तोवर पलीकडे उतरतो. घाबरू नकोस."

"थांब, आज राहा ना तिथेच..."

पण आवाज तुटला होता. पुन्हा लावला, लागेना. आता खिंड उतरेपर्यंत लागणार नाही. सकाळपासून, तो म्हणाला. सकाळपासून! मीच की. मीच इथे चुलीपाशी उभी राहून एकेका वाक्यात त्यांना हाक मारत होते, आणि ते बिचारे आपले उठून... पण घरी का नाही आले? रोडवर आहे म्हणाले ना मी. मेदेर रोडवर आहे. त्यांना तिकडे मीच धाडलं. तिची माहेरची आजी म्हणायची, गेलेलं माणूस कुणाच्या शेजारी येऊन बसलं तर एकटं उठत नाही. बुरुलने ती चिठ्ठी ओरबाडून काढली, चुलीत गोवऱ्यांवर टाकली, आणि तोंडावर हात दाबून उभी राहिली.

"का गं थांबलीस?"

अपा दारात उभ्या होत्या, हाताला लोकर चिकटलेली.

"सकाळपासून घोकत होतीस तो शब्द. त्याचा अर्थ काय?"

"काही नाही, अपा."

"काही नाही कसं? तू म्हणायचीस आणि आत माझ्या शेजारची गादी दबायची. मघापासून मात्र जागा रिकामी आहे." म्हातारीचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसा. "सांग पोरी."

बुरुलने सांगितलं. शब्दाचा अर्थ नाही, तो तर आजही तोंडातून निघेना. तिने बोट दाखवलं, खिडकीबाहेर, वर चढत गेलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे. मग फोनचंही सांगितलं. अपा पट्कन खाली बसल्या.

"एवढा संसार केला," त्या म्हणाल्या, "पण 'अहो, ऐकलंत का'च्या पुढे गेले नाही कधी. आणि तू त्यांना नावाने हाक मारतेस, ते ओ देतात, आणि तू तोंड मिटून घेतेस? बोलावलेल्या माणसाला निदान काम तरी सांगावं."

"ते मेदेरला नेतील, अपा."

"नेतील नाहीतर आणतील. मला काय ठाऊक? मला कधी सांगून गेलेत ते कुठे?"

बाहेर बर्फ दाटलं होतं, कुंपण दिसेनासं झालं होतं. बुरुल खिडकीशी गेली. रोड, तिने म्हटलं. आवाज फुटलाच नाही. रोड. मग एकदम, ज्या माणसासमोर आठ वर्षं ती कुजबुजण्यापलीकडे बोलली नव्हती त्याला, गुरं हाकताना ओरडावं तशी ती ओरडली – "तुमचाच मुलगा आहे तो! त्याला झोपू देऊ नका, वळणावर हात धरा त्याचा, आणि घरी आणून सोडा, कळलं?"

ती कान देऊन उभी राहिली. खाकरणं नाही, काही नाही. चुलीत गोवरी तेवढी खचली.

फोन आल्यापासून सासरे त्या गाडीत असतील म्हणून ती भीत होती. आता त्या गाडीत ते नसतील, शेजारची सीट गार पडली असेल आणि मेदेर खिंडीत अगदी एकटा असेल, याचीच तिला भीती वाटली. आणि काचेला तोंड लावून ती पुन्हा, आणखी मोठ्याने, हाका मारू लागली.