शिंपडलेला कागद

खर्रर्र करत स्टीलची ताटली फरशीवरून सरकत आली आणि मागच्या पडवीतली रविवार सकाळची शांतता मोडली. सासूबाईंनी, गयाबाईंनी, ती उंबऱ्याआडून काठीने ढकलली होती. ताटलीत ज्वारीची भाकर आणि पिठलं. रेणुकाने घास मोडला, पण लक्ष सगळं भिंतीपलीकडे, पुढच्या खोलीत. तिच्या दोन महिन्यांच्या कामाची आज तिथे परीक्षा होती आणि ती स्वतः बाहेर बसली होती. आज दुसरा दिवस.

गयाबाई दुष्ट नव्हत्या. पिठल्यावर तेलाची धार त्यांनी सढळ हाताने सोडली होती. त्यांच्या सासूने त्यांना गोठ्यात बसवलं होतं. पडवी ही त्यांच्या मते सवलत होती.

या घराची पुढची खोली म्हणजे रेणुकाच्या नवऱ्याचं, सुधाकररावांचं कॉम्प्युटर सेंटर. मुलांना टायपिंग ते शिकवत. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र रेणुकाला येत होती. लेक राही दुपारी झोपली की पुस्तक उघडायचं, ती चुळबुळली की मिटायचं, असं करत करत ती शिकली. १९९९च्या त्या डिसेंबरात कापसाच्या व्यापाऱ्यांना रोजची आवक आणि भाव वेबवर हवे होते. त्यासाठीची पानं तिने केली होती. सासऱ्यांनी, नागोरावांनी, जेवताना सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "व्यापाऱ्यायनं पसंत केलं तं सून रोज सेंटरात बसंल. नाई केलं तं मशिनी हलवू आन खोलीत कापूस भरू."

या एका वाक्यावर ती दोन महिने जगली होती.

नवा सर्व्हर, म्हणजे ही पानं पुरवणारं मशीन, कालच आला होता. पहाटे आंघोळीआधी सुधाकरराव परसात येऊन दुरूनच म्हणाले होते, "पानं मी चढवतो त्याच्यावर. पन ते अगोदर तयार करून ठेवाचं काय म्हनत व्हती तू? लिहून दे. माह्या ध्यानात राहत नाई."

ती पानं छापील कागदासारखी नव्हती. कोणी मागितलं की सर्व्हर ती त्या घडीला रचून देई. नव्या मशीनवर एखादं पान पहिल्यांदाच मागितलं, तर आधी त्याचा जावा प्रोग्रॅम बनायचा, तो कंपाइल व्हायचा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरायचा, मग पान दिसायचं. पंगत बसल्यावर जात्यावर दळण घ्यावं तसं. पानामागे दीड मिनिट जाई. दुसऱ्यांदा मागितलं की मात्र लगेच. म्हणून माणसं यायच्या आत सगळी पानं एकदा कंपाइल करून ठेवायची. त्याला चार ओळींच्या कमांड लागत, आणि त्या फक्त रेणुकाला ठाऊक होत्या.

तिचं पेन आत होतं. राही पडवीत विसरलेलं हिरवं स्केचपेन तिला सापडलं. चार ओळी तिने ठसठशीत लिहिल्या आणि कागद उंबऱ्यावर ठेवला.

अकराच्या सुमारास जीप थांबली. पुरुषांचे आवाज आले. त्यातला मोठा आवाज भगवंतराव व्यापाऱ्यांचा. "सुधाकर, मशिनीले हार घातला, कुकू लावलं, आता चालू तं करा!"

हसणं झालं. मग शांतता पसरली. रेणुका मनात आकडे मोजू लागली. वीस. चाळीस. साठ.

"आत्याबाई," तिने उंबऱ्यापलीकडच्या सासूबाईंना हाक मारली, "तो कागद देला नं त्यायले?"

"देला नं माय. देवघरावरून तसाच कसा नेऊ? पानी शिंपडूनच देला."

चारही ओळी हिरव्या पाण्यात वाहून गेलेल्या रेणुकाला बसल्या जागी दिसल्या.

"मंग वाचता आला त्यायले?"

"हिरवं हिरवं झालं म्हने. आंघोळ-पूजा झालेला मानूस तुह्याजवळ इचाराले कसा येईन? म्हने, पानं तं चढले, आनखी काय पाह्यजे?"

पुढच्या खोलीत भगवंतराव म्हणत होते, "तुमचं पान येइस्तोवर कापूस गाडीतून उतरून जिनिंगच्या कारखान्यात गेला न भाऊ!" पुन्हा हसणं. दुसरं पान मागितलं असावं, पुन्हा शांतता. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

रेणुका उठली. घरातून वाट नव्हती, मधे देवघर होतं. ती परसातून बोळात आली. राही धावत मागे आली आणि हातभर अंतरावर थबकली.

"आई, शिवू?"

"शिव, माय."

पोरीने तिचा हात घट्ट धरला. दोघी पुढच्या खिडकीशी, गजांबाहेर उभ्या राहिल्या.

"पहिलं पान परत उघडा," रेणुका म्हणाली.

सुधाकरराव दचकले. त्यांनी माऊस दाबला. पान झटकन आलं. दुसरंही.

"वा!" भगवंतरावांनी माऊस आपल्या हातात घेतला. "ह्या कोन?"

"घरचेच आहेत," सुधाकरराव खाली बघत म्हणाले. "तिनंच केलं हे सगळं."

"मंग बाई, बाहेरून काऊन सांगून राह्यल्या? आत या, बसा खुर्चीवर. आन हे अगोदर काऊन अडकत व्हतं?"

एक खोटं बोललं असतं तर निभावलं असतं. सुधाकररावांचे डोळे तिला तेच विनवत होते.

"पानं आधी तयार करून ठेवाची व्हती, भाऊ. मी कागदावर लिहून देलं. विटाळाचा कागद म्हनून त्याच्यावर पानी शिंपडलं, शाई पसरली. मी बाहेर बसली आहे."

भगवंतरावांचा हात माऊसवरून उचलला गेला. त्यांनी तो धोतराला पुसला, आपण पुसतो आहोत हे बहुधा त्यांनाही कळलं नाही.

"बरं... पाहू मंग. पुढं कधी तरी."

चहा कपांत तसाच राहिला. जीप गेली. नागोरावांनी मशीनवरचा हार काढला आणि सुधाकररावांच्या हातात दिला. सुधाकरराव हार धरून तसेच उभे राहिले.

गयाबाई तांब्या घेऊन बोळात आल्या. पाणी खिडकीवर पडलं, गजांवर पडलं, आणि मग आईचा हात न सोडणाऱ्या राहीच्या डोक्यावर पडलं.

राहीने तोंडावरचे थेंब पुसले आणि मान वर करून विचारलं,

"आई, मी मोठी झाली का तू मले कोन्त्या कोपऱ्यात बसवशील?"