घळीवरचा चुना

मोजणीच्या कामावरच्या चुनेवाल्यांतला मी एक होतो. साहेबांच्या दुर्बिणीला समोरच्या काठावर काहीतरी पांढरं दिसावं लागतं. म्हणून ते बोट दाखवतील त्या दगडावर चुन्याचा पट्टा ओढायचा, एवढंच माझं काम. त्याला अक्कल लागत नाही, छाती लागते. कारण असले दगड नेमके शहाणा माणूस जाणार नाही तिथंच असतात.

महाराज गादीवर येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि कोल्हापूर इलाख्यात प्लेगनं धुमाकूळ घातला होता. आमची मोजणी मलकापूरच्या वर, कडवी नदीच्या घळीवर चालली होती. घळीच्या खालच्या अंगाला माझ्या धाकट्या बहिणीचं, खैरुनबीचं सासर. त्या गावात आधी उंदीर पडले, मग माणसं पडायला लागली, आणि सरकारनं रस्त्यावर नाका बसवला. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. नियम बरोबर होता, आज मीही तेच म्हणेन. पण तेव्हा आत माझी एकुलती एक बहीण होती, आणि त्या नियमाला आग लागो असंच मला वाटत होतं.

सुट्टी मिळाली त्या शुक्रवारी मी चुन्याचं मडकं घेऊन घळीवरून वाट शोधायला निघालो. वाट अशी नव्हतीच. गव्यांनी कारवीत पाडलेली फट धरून उतरत गेलो. दोनदा ती फट थेट कड्यावर येऊन संपली आणि दोनदा मी शिव्या घालत मागं फिरलो. एका ठिकाणी कातळाला छाती लावून खेकड्यासारखं आडवं सरकावं लागलं. खालून पाण्याचा आवाज येत होता, पाणी दिसत नव्हतं. जिथं पाय नीट ठरला तिथल्या दगडावर मी गुडघ्याइतक्या उंचीवर चुन्याचं एक बोट लावलं. शिपायांच्या नजरेत येऊ नये म्हणून एवढंसंच. दुपार कलताना खाली गावाच्या रानात पोचलो.

गावकऱ्यांनी घरं सोडून रानात छपरं टाकली होती. खैरून आणि तिचा नवरा फक्रुद्दीन पिंजारी बांधाच्या पलीकडे उभे राहिले, मी अलीकडे.

"मंगळवारी पहाटं निघा," मी म्हणालो. "चुना दिसंल तिथंच पाय टाकायचा. चुना सोडायचा न्हाई, काय?"

"आईच्या काखंत गाठ आलीया," फक्रुद्दीन म्हणाला. "तिला टाकून कसा येऊ?"

"मग हिला तरी धाडा."

"मी एकली न्हाई यायची, भाई," खैरून म्हणाली. बोलताना ती रडत होती, पण आवाज पक्का होता.

मंगळवारी पोटदुखीचं सोंग करून मी वरच्या टोकाला ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिलो. कुणी आलं नाही.

बुधवारी आमच्या ओव्हरसियर श्रीपाल आण्णांनी कड्याच्या अगदी तोंडावरचा एक कातळ दाखवला. "मीरासाब, ह्याच्यावर पट्टा मार. हातभर रुंद पायजे."

खालून येताना त्या कातळाच्या तीन पावलं अलीकडेच माझी वाट डावीकडे कारवीत वळत होती, आणि वळणावर चुन्याचं होतं फक्त एक बोट.

"आण्णा, दोन दिसांनी मारला तर न्हाई का चालायचं?"

"का? मुहूर्त बघायचाय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगितलं असतं तर नाका चुकवून माणसं काढतो म्हणून तुरुंगात गेलो असतो, नोकरी गेली असती ती वेगळीच. मी स्वतःची समजूत घातली, की मंगळवारी आली नाहीत म्हणजे आता येत नाहीत, फक्रुद्दीन आईला सोडून हलायचा नाही. भित्र्या माणसाला समजूत पटकन सापडते. आण्णांच्या माणसांनी माझ्या कमरेला दोर बांधून मला सोडलं, कारण तिथं उभं राहायला जागाच नव्हती, आणि मी पट्टा ओढला. चांगला हातभर रुंद.

फक्रुद्दीनची आई बुधवारी संध्याकाळी गेली. तिला माती देऊन दोघं गुरुवारी पहाटे निघाली.

सकाळी दाट धुक्यातून फक्रुद्दीन एकटाच आमच्या तळाजवळ आला. कोपरं सोलवटलेली, डोक्यावरचं गाठोडं तसंच. मला बघून तो खालीच बसला.

"ती म्होरं हुती," तो म्हणाला. "म्हणाली, बघा, भाईनं हितं मोठा चुना लावलाय, चुकू नये म्हणून. आन् पाय टाकला."

खैरूननं माझं ऐकलं होतं, शब्द न् शब्द ऐकलं होतं.

"त्यो तुझा चुना न्हवता, व्हय की न्हाई?" त्यानं माझा हात धरला. "तुझा बारका हुता. त्यो कुणी लावला, मीरासाब?"

"मला म्हायत न्हाई," मी म्हणालो. "पन्नास माणसं हायती कामावर."

तिसऱ्या दिवशी मयत खाली डोहात सापडली. शिपायांनी हात लावायला नकार दिला, म्हणून आम्ही दोघांनीच ती काढली आणि दोघांनीच माती दिली.

याला बारा वर्षं झाली. फक्रुद्दीनला कुणीच उरलं नव्हतं, मी त्याला घरी आणलं. तो माझ्या ताटाला ताट लावून जेवतो, माझ्यासारखा मेव्हणा कुणाला मिळणार नाही असं चारचौघांत सांगतो. दर ईदला नमाज झाली की आम्ही खैरूनच्या कबरीवर जातो. तो पदर पसरल्यागत दोन्ही हात पुढं करतो आणि ज्यानं तो पट्टा ओढला त्याचे हात झडून पडोत, त्याला माती द्यायला कुणी न उरो, असं अल्लाकडे मागतो.

मी शेजारी उभा असतो. त्याचं मागून झालं की मी आमीन म्हणतो.