सातपुड्याच्या खिडकीत

लग्न होऊन पुनम धुळ्याहून फैजपूरजवळच्या या गावात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि कपडे बादलीतच राहिले. उत्तरेला सातपुडा होता, आणि त्याच्या एका काळ्याभोर धारेला आरपार भोक पडलेलं होतं. भोकातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"ते काय आहे?" तिनं नवऱ्याला, पियुषला विचारलं.

"खिडकी म्हणतात तिला. पहिल्यापासून आहे."

"तुम्ही गेलायत तिथं?"

"तिथं कोण जातं?"

पुनम कॉलेजात असल्यापासून डोंगर चढत होती. अशा भोकाला ट्रेकवाले नेढं म्हणतात, आणि नेढं दिसलं की त्यात जाऊन बसल्याशिवाय चैन पडत नाही, हे तिला माहीत होतं. पावसाळा सरेपर्यंत तिनं कशीबशी कळ काढली. मग धुळ्याच्या जुन्या मंडळींकडून वाट विचारून घेतली, वनखात्याची परवानगी काढली, पियुषला तयार केलं, आणि डिसेंबरातला एक शनिवार ठरवला. दिवस मावळता मावळता पायथा सोडायचा, चांदण्यात चढायचं आणि उजाडताना नेढ्यात असायचं, असा बेत होता.

ती दशम्या बांधत होती, तेवढ्यात सासरे, तोतारामनाना, मळ्यातून आले. भरल्या अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. हातपाय धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"किती वाजता निघाचं?"

"आम्ही चारला निघतोय, नाना."

"आपुन म्हण. मी बी येतो."

पियुषनं आईकडे पाहिलं. सुनंदाबाई भाकरी थापतच म्हणाल्या, "माह्याकडे काय पाहतो? पंधरा दिवसांपासून नवे बूट घालून बांधावरून चकरा मारून राह्यले ते. मले वाटलं डॉक्टरनं सांगितलं असीन."

पायथ्याच्या पाड्यावर गाडी लावून तिघं निघाले, तेव्हा सागाच्या पानांवर शेवटचं ऊन होतं. पुढं पुनम, मागं पियुष आणि मध्ये नाना. नानांच्या हातात मळ्यातली लांबच लांब उजेड टाकणारी बॅटरी. वाळक्या पानांचा इतका आवाज होत होता की बोलायचं तर थांबावं लागे, आणि नाना थांबायला तयार नव्हते. चंद्र वर आला तसा कातळ चमकू लागला. एका नाल्यात अचानक कुणीतरी भुंकलं.

"कुत्रं इथं कुठून आलं?" पियुष म्हणाला.

"भेकर आहे, भुंकणारं हरीण," पुनम हळूच म्हणाली. "काहीतरी दिसलं असेल त्याला."

"काय दिसलं असीन?" नानांनी विचारलं.

"बिबट्या असू शकतो."

पियुष वडिलांच्या जवळ सरकला. नानांनी बॅटरी चारी बाजूंना फिरवली, आणि पुनमला त्यांच्या तोंडावर भीती दिसली नाही. सासऱ्यांचे डोळे एवढे चमकताना तिनं आजवर पाहिले नव्हते. भेकर लांब लांब भुंकत गेलं आणि तिघं पुढं निघाले.

मध्यरात्र उलटल्यावर धारेच्या पोटाशी घळी सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये एका माणसापुरती वाट आणि डोक्यावर चांदण्यांची चिंधी. पहिल्या घळीत हात टेकून चढावं लागलं. दुसरीत पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावून वर सरकायचं होतं. पुनमनं एकदा करून दाखवलं. नाना तसेच चढले आणि वर पोचल्यावर खाली वाकून पियुषला म्हणाले, "ये, सोपं आहे."

तिसरी घळ म्हणजे नुसती फट होती. पुनमनं सॅक पुढं ढकलली, तोंड वळवलं आणि आडवी सरकत पलीकडे गेली. नाना निम्म्यात आले आणि थांबले.

"काय झालं, नाना?"

"अडकलो."

मागं होईना, पुढं होईना. छातीला कातळ, पाठीला कातळ. वरून पाकोळ्यांचा थवा त्यांच्या डोक्यावरून फडफडत गेला. नानांना हसू आलं, आणि हसले तसे ते आणखी घट्ट बसले. मग मात्र त्यांचा श्वास जोरानं चालू लागल्याचं पुनमला ऐकू आलं. सासरी ती नीट पुस्तकी मराठी बोलायची. आता तिच्या तोंडून माहेरची अहिराणी निघाली.

"नाना, मन्हाकडे देखा. काही व्हत नही. बठ्ठा श्वास सोडी द्या. बठ्ठा."

"सगळाच सोडतो."

"पियुष, तुम्ही मागून कमरेला हात लावा. मी म्हणते तेव्हा ढकला."

पियुष घुटमळला. कळतं झाल्यापासून त्यानं वडिलांना कधी असा हात लावला नव्हता. घरात दोघांचं बोलणं म्हणजे पाणी सोडलं का, ट्रक आला का, एवढंच. त्यानं दोन्ही हात त्यांच्या कमरेवर ठेवले. अंग घामानं भिजलेलं होतं.

"ढकल रे," नाना म्हणाले. "बिनधास्त ढकल."

त्यांनी श्वास सोडला, पुनमनं मनगट धरून ओढलं, पियुषनं खांदा लावला, आणि सदऱ्याची दोन बटणं कातळाला देऊन नाना पलीकडे आले. मागोमाग पियुष आला. तिघंही भुईवर बसून इतके हसले की घळीतून ते हसू परत ऐकू येऊ लागलं. नानांनी पियुषच्या मांडीवर थाप मारली आणि हात तिथंच राहू दिला.

त्यानंतरचा चढ त्यांना जाणवलाच नाही. शेवटचा खडक पार करून पुनमनं डोकं वर काढलं आणि थंडगार वाऱ्याचा झोत तिच्या तोंडावर आला. ती नेढ्यात होती. घराच्या गच्चीवरून रुपयाएवढं दिसणारं ते भोक आता लग्नाचा मांडव मावेल एवढं मोठं होतं. डोक्यावर काळ्या दगडाची कमान, खाली गुळगुळीत झालेला कातळ. अजून अंधार होता, पण दक्षिणेला गावोगावचे दिवे पसरले होते.

नाना मधोमध उभे राहिले. मग त्यांच्या खिशात मोबाइल वाजला. इथं रेंज होती.

"कुठी आहे तुम्ही?" सुनंदाबाईंचा आवाज आला. "मले काही झोप नाही."

"खिडकीत," नाना म्हणाले. "गच्चीवर जाय बरं."

नानांनी स्पीकर लावून फोन पुनमच्या हातात दिला; त्यातून जिन्यावरची पावलं ऐकू आली. नानांनी बॅटरी गावाच्या दिशेला धरली आणि काचेसमोर पंजा खालीवर करू लागले. तिघंही श्वास रोखून फोनकडे पाहत होते.

"काही दिसत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "थांबा. ते लुकलुक करून राह्यलं ते तुम्हीच काय?"

"आम्हीच."

"पुन्हा करा बरं."

बॅटरीचा उजेड मंदावेपर्यंत नानांनी पुन्हा पुन्हा केलं. शेजारच्या वच्छलाबाईंना उठवायला सुनंदाबाई खाली गेल्या, तेव्हा कुठं फोन बंद झाला.

उजाडलं. केळीच्या बागांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे तापीची रेघ दिसू लागली. पुनमनं नानांना आपली बाग दाखवायला हाक मारली, पण ते कमानीच्या दुसऱ्या तोंडाशी उभे होते. तिकडे, उत्तरेला, डोंगरामागं डोंगर होते, एक निळा, त्यामागचा त्याहून फिका, नजर पोचेल तिथवर.

"इकडं एवढं असीन असं मले वाटलंच नव्हतं," ते म्हणाले. मग सर्वांत उंच सुळक्याकडे बोट केलं. "त्याले काय म्हणतात?"

"माहीत नाही, नाना."

"तिथं वाट असीन?"

"विचारावं लागेल."

"इचार," नाना म्हणाले, आणि दशमीचा तुकडा मोडून त्यांनी आधी पियुषच्या हातात दिला.